गॅस गेला कुठे?

१

मार्च संपत आला की आमच्याकडील शहरांतून एक वाक्य हमखास ऐकू येऊ लागते: ‘गाडीतला गॅस संपलाय, भरून घ्यायला हवा.’ वाक्य रूढ आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. वस्तुस्थितीच्या दृष्टीने मात्र ते चुकीचे आहे. पेट्रोल संपते, कारण ते जळते. स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, कारण त्यातला वायूही जळतो. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील वायू जळत नाही, झिजत नाही, खर्चीही पडत नाही. बंद नळ्यांच्या वर्तुळात तो द्रव होतो, पुन्हा वायू होतो आणि प्रत्येक फेरीत आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला असेल, तर तो कुठूनतरी निसटला आहे एवढाच त्याचा अर्थ. ‘संपणे’ आणि ‘भरणे’ ही क्रियापदे आपण इंधनाच्या व्यवहारातून उसनी आणली आणि त्यांच्यासोबत इंधनाचा न्यायही आणला: संपले, भरले, विषय मिटला.

गेल्या उन्हाळ्यात या क्रियापदांपाशी अडखळण्याचा प्रसंग आला. आम्ही तिघेही एम.ए.ला ज्यांच्याकडे शिकलो, त्या आमच्या निवृत्त सरांची १९९१ साली घेतलेली मोटार आहे. तिच्यातली थंड हवा कित्येक वर्षे बंदच होती. या वर्षी सरांनी ती सुरू करून घ्यायचे मनावर घेतले आणि आम्ही सोबत म्हणून गॅरेजात गेलो. तिथल्या तरुण कारागिराने बॉनेट उघडले, नळ्यांवर बोट फिरवले आणि तो म्हणाला, ‘सर, ही बारा नंबरची सिस्टिम आहे. तो गॅस आता येत नाही. एकशे चौतीस मारून देतो, सीझन निघून जाईल.’

‘ते ठीक. पण आधीचा गेला कुठे?’ सरांनी विचारले.

‘हवेत गेला, सर. जाणार कुठे?’

एवढे बोलून त्याने व्हॉल्व्हची टोपी काढली आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आतल्या पिनेवर दाबले. उरलासुरला वायू फुसकन बाहेर आला, तेलाचा बारीक तुषार उडाला आणि मग सारे शांत झाले. आम्ही पाहत उभे होतो. सरांचा प्रश्न आम्हांला तेव्हा एका शिक्षकाची खोड वाटली होती. नंतर वाचत गेलो तसे ध्यानात आले की गेल्या शंभर वर्षांतील एका फार मोठ्या प्रकरणाचा उलगडा नेमक्या याच प्रश्नापासून सुरू झाला होता.

२

यंत्राने थंडावा निर्माण करण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी गळतीचा इतिहास आहे. १९२०च्या दशकात घरगुती रेफ्रिजरेटर रुळू लागले, तेव्हा त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. तिन्ही विषारी, पहिला आणि तिसरा पेट घेऊ शकणारेही. पंपाच्या सांध्यातून वायू निसटला आणि झोपेतल्या माणसांचा जीव गेला, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत. बर्लिनमधील एका कुटुंबाविषयीची अशीच बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन अस्वस्थ झाले. तरुण पदार्थवैज्ञानिक लिओ झिलार्ड यांच्यासह त्यांनी हलणारे भाग नसलेला रेफ्रिजरेटर योजला. त्यांचा तर्क सरळ होता. वायू हलत्या सांध्यांच्या सीलमधून गळतो. सांधेच नसतील तर गळती कुठून होणार? १९३० साली त्यांना या यंत्राचे अमेरिकन पेटंटही मिळाले.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे या प्रश्नाचे दुसरेच उत्तर शोधले जात होते. फ्रिजिडेअर ही जनरल मोटर्सची कंपनी. तिला धोका नसलेला शीतक हवा होता आणि ते काम १९२८ साली थॉमस मिजली यांच्याकडे आले. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती काढणारे मिजली ते हेच. आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी या सहकाऱ्यांसह त्यांनी आवर्तसारणी समोर ठेवली आणि कार्बन, क्लोरिन व फ्लोरिन यांच्या संयुगांपर्यंत ते अल्पावधीतच पोहोचले. यांपैकी डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन म्हणजेच आमच्या कारागिराचा ‘बारा नंबर’. एप्रिल १९३०मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीभर ओढून घेतला आणि तो जळत्या मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. श्वासात घेतला तरी माणूस मरत नाही आणि ज्योतीवर सोडला तरी पेटत नाही, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्युपाँ यांनी मिळून किनेटिक केमिकल्स ही कंपनी काढली आणि ‘फ्रिऑन’ हे नाव जगभर गेले.

या दोन उत्तरांतील अंतर आम्हांला महत्त्वाचे वाटते. आइन्स्टाइन-झिलार्ड यांनी गळती बंद करण्याचा विचार केला. मिजली यांनी गळणारी वस्तू निरुपद्रवी करण्याचा. जगाने दुसरे उत्तर स्वीकारले, कारण ते स्वस्त होते आणि सोयीचे होते. एकदा वायू निरुपद्रवी ठरल्यावर तो गळतो किती आणि जातो कुठे, याची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही. ‘निरुपद्रवी’ या विशेषणात एक अध्याहृत संप्रदान दडलेले असते: कोणाला? मेणबत्तीच्या प्रयोगाने त्याचे उत्तर दिले ते समोर बसलेल्या श्रोत्यांपुरते.

या वायूंच्या नावांतही अशीच एक गंमत आहे. शीतकांना दिलेले आकडे मनमानी नसतात. यमाताराजभानच्या सूत्रावरून गण ओळखावेत तसे ते उलगडता येतात. एककस्थानी फ्लोरिनच्या अणूंची संख्या असते, दशकस्थानी हायड्रोजनच्या अणूंपेक्षा एक अधिक आणि शतकस्थानी कार्बनच्या अणूंपेक्षा एक कमी. शतकस्थानी शून्य आले तर ते लिहीत नाहीत. या हिशेबाने १२ म्हणजे एक कार्बन, हायड्रोजन मुळीच नाही आणि दोन फ्लोरिन. क्लोरिनला या पद्धतीत स्वतःचा अंक नाही. कार्बनचे जे हात रिकामे राहतील, तिथे तो आहे असे समजून घ्यायचे. पुढे जो सगळ्या अनर्थाचे मूळ ठरला, तो अणू नावात मोजलेलाच नव्हता.

३

मोटारीत थंड हवा प्रथम कारखान्यातूनच बसवून देण्याचा मान पॅकार्ड कंपनीकडे जातो. १९३९ साली तिने १९४०च्या गाड्यांसाठी ही सोय जाहीर केली. किंमत २७४ डॉलर. यंत्रणेने सामानाचा जवळजवळ अर्धा कप्पा व्यापलेला असे आणि ती थांबवायची तर गाडी उभी करून इंजिनावरचा पट्टा उतरवावा लागे. दोन-तीन वर्षांत पॅकार्डने तो नाद सोडला. महायुद्धानंतर मात्र ही कल्पना पुन्हा उभी राहिली आणि १९६०चे दशक संपण्याच्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक वातानुकूलित होत्या.

मोटारीची यंत्रणा ही घरच्या फ्रीजची बहीण असली तरी तिचा संसार वेगळा आहे. फ्रीजचे मोटर आणि कॉम्प्रेसर पोलादी डब्यात एकत्र बंद केलेले असतात, म्हणून पंचवीस-तीस वर्षे तोच वायू पुरतो. मोटारीतला कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तेव्हा त्याचा दांडा बाहेर असणे आले आणि दांड्याभोवती सील असणेही आले. इंजिन थरथरते, म्हणून नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. शिवाय फ्रीजला शंभर-दीडशे ग्रॅम वायू पुरतो, तिथे जुन्या मोटारीला किलोभर लागे. म्हणजे मोटारीत वायू अधिक आणि त्याला बाहेर पडायला वाटाही अधिक. अमेरिकेत तर याचे छोटे डबे सुट्या भागांच्या दुकानांत कोणालाही मिळत. उन्हाळा आला की डबा आणावा, नळी जोडावी आणि हवा पुन्हा गार करून घ्यावी, असा तिथला घरगुती रिवाज होता. दर वर्षी निसटलेला वायू कुठे जातो, हे विचारण्याचे कुणाला कारण नव्हते.

ते विचारले गेले अनपेक्षित वाटेने. ब्रिटिश वैज्ञानिक जेम्स लव्हलॉक यांनी हवेतील अत्यल्प द्रव्येही टिपणारे एक संवेदक उपकरण तयार केले होते. ते घेऊन १९७१ साली ते ‘शॅकलटन’ या जहाजावरून ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे निघाले आणि वस्तीपासून शेकडो मैल दूरच्या समुद्रावरील हवेतही त्यांना ‘बारा’चे भावंड, सीएफसी-११, सापडत गेले. लव्हलॉक यांना स्वतःला त्यात धोका दिसला नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील शेरवुड रोलंड यांना मात्र त्या आकड्यांनी विचारात पाडले. आजवर जेवढे बनवले गेले ते जवळजवळ सगळे अजून हवेतच आहे, मग पुढे त्याचे होते काय? १९७३ साली संशोधक म्हणून आलेल्या मारिओ मोलिना यांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यांचे उत्तर जून १९७४मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. जो गुण या वायूची कीर्ती होता, तोच त्याचा दोष ठरला. तो कशाशीही सहज संयोग पावत नाही, पावसात विरघळून खाली येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे तरंगत तो स्थितांबरापर्यंत चढतो. तिथे तीव्र अतिनील किरणे त्याचा रेणू फोडतात आणि क्लोरिनचा सुटा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा रेणू मोडतो, त्या झटापटीतून पुन्हा सुटतो आणि दुसऱ्याकडे वळतो. असा एकच अणू निष्क्रिय होण्याआधी ओझोनचे लाखभर रेणू नष्ट करू शकतो. खाली जमिनीवर जो निरुपद्रवी होता, तो वर पोहोचेपर्यंत निरुपद्रवी राहिला नव्हता.

उद्योगांनी याला अर्थातच विरोध केला. हे अजून प्रयोगशाळेतले अनुमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेने १९७८ साली फवाऱ्याच्या डब्यांतून हे वायू हद्दपार केले, पण फ्रीज आणि मोटारी तशाच राहिल्या. मग मे १९८५मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातील नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथल्या वसंत ऋतूत ओझोनचा थर कुणी कल्पिले नव्हते इतका पातळ होत होता. मिजली हे पाहण्यास हयात नव्हते. पोलिओने अपंग झाल्यावर अंथरुणावरून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोऱ्या-कप्प्यांची एक रचना बनवली होती. १९४४ साली तिच्याच दोऱ्यांत गळा अडकून त्यांचा अंत झाला. चरित्रकारांना या मृत्यूत प्रतीक दिसते. आम्हांला मात्र त्यांना खलनायक करणे अप्रामाणिक वाटते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अचूक होते. जो विचारलाच नाही, तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता.

४

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे २४ देशांनी आणि युरोपीय समुदायाने एका करारावर सह्या केल्या. प्रारंभी त्यात या वायूंचे उत्पादन निम्म्यावर आणण्याचीच तरतूद होती. जून १९९०मध्ये लंडनच्या बैठकीत ते पूर्णतः थांबवण्याचे ठरले, आणि १९९२ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांसाठीची मुदत १९९६ पर्यंत अलीकडे ओढली गेली.

लंडनची बैठक आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तिथे तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू मांडली. भारत आणि चीन यांचे म्हणणे असे की, आकाशाला भोक पाडणारा वायू प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या फ्रीज-मोटारींतून गेला आहे. तेव्हा नवे तंत्र आणि त्याचा खर्च देण्याची जबाबदारीही त्यांचीच. या आग्रहातून बहुपक्षीय निधी उभा राहिला. ज्या विकसनशील देशांचा वापर दरडोई ०.३ किलोहून कमी होता, त्यांना वाढीव मुदत मिळाली. त्यानंतर १९९२ साली भारत करारात सामील झाला. २००० साली ओझोनविघातक पदार्थांसंबंधीचे नियम आले, आणि १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारखे औषधी अपवाद वगळता, भारताने सीएफसीचे उत्पादन थांबवले. ठरलेल्या मुदतीच्या ते १७ महिने आधी होते. ‘तो गॅस आता येत नाही’ या कारागिराच्या वाक्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

शाळेत आम्ही पुरंदरच्या तहातले तेवीस किल्ले पाठ केले होते. तह म्हटला की किल्ले, मुलूख, खंडणी हे आमच्या मनात पक्के बसलेले. माँट्रियलच्या तहाची कलमे मात्र शोधायची तर मोटारीच्या बॉनेटखाली शोधावी लागतात. ‘बारा’च्या नळीचे तोंड आट्यांचे असते. १९९४च्या सुमारास ‘एकशे चौतीस ए’ रूढ झाला, तेव्हा त्याची तोंडे मुद्दाम निराळ्या घडणीची, झटक्यात बसणारी आणि उच्च व निम्न दाबाच्या बाजूंना वेगवेगळ्या मापांची केली गेली, म्हणजे चुकूनही एकाची नळी दुसऱ्याला लागू नये. अमेरिकेत १९९२ साली वायू जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा ठरले आणि ‘बारा’चे छोटे डबे प्रशिक्षित कारागिरांपुरते मर्यादित झाले. लगोलग काळा बाजारही आला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मायामी बंदरातील तस्करीत हा वायू अमली पदार्थांच्या खालोखाल गणला जाई. आपली जुनी मोटार थंड ठेवू पाहणारा साधा मध्यमवर्गीय हाच त्या तस्करीचा आश्रयदाता होता.

५

जुन्या गाडीत नवा वायू भरणे हे ‘भरण्या’इतके सोपे का नाही, हे आम्हांला त्या गॅरेजातच हळूहळू कळले. कॉम्प्रेसरला लागणारे तेल वायूबरोबर वाहत फिरत असते. ‘बारा’सोबतचे खनिज तेल ‘एकशे चौतीस’मध्ये मिसळत नाही; वायू पुढे जातो, तेल नळ्यांच्या तळाशी बसते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून वेगळ्या जातीचे कृत्रिम तेल घालावे लागते. ओलावा शोषणाऱ्या ड्रायरच्या बाटलीतले द्रव्य नव्या वायूला चालत नाही, तेव्हा बाटली बदलावी लागते. सांध्यांतल्या रबरी चकत्याही नव्या घ्याव्या लागतात. नव्या वायूचे रेणू लहान असल्याने जुन्या रबरी नळ्यांतून ते अधिक पाझरतात. हे सारे झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा काढायची आणि पाऊण तास तो चालू ठेवायचा, कारण दाब पुरेसा उतरला की आत दडलेले पाणीही त्या तापमानाला उकळून निघून जाते. ते राहिले, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी त्याचा बर्फ होऊन वाट अडते किंवा आम्ल होऊन धातू खाते. मग वायू घालायचा तो वजन करून, जुन्याच्या ८० ते ९० टक्के. दाबाचा काटा पाहून अंदाजाने नव्हे.

भाषांतर शिकवणाऱ्या माणसाला हे ओळखीचे वाटावे. एका भाषेतला शब्द काढून दुसरीतला ठेवला की काम झाले, असे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वाटते. शब्दाभोवतीचे तेल, सांधे, नळ्या यांचा विचार त्याला नंतर सुचतो, पहिला कॉम्प्रेसर जाम झाल्यावर.

सोप्या वाटा मात्र नेहमी खुल्या असतात. प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण जुन्या तेलात मिसळते आणि गारवाही चांगला देते. पण तो स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ, अपघातात नळी फुटली की पेटायला तयार. नकली वायूचा प्रकार तर त्याहून भयंकर. ‘एकशे चौतीस’ म्हणून विकल्या गेलेल्या वायूत मिथिल क्लोराइडची भेसळ असल्याने २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीतकंटेनरांचे स्फोट झाले आणि माणसे मेली. ज्या विषाची जागा घेण्यासाठी मिजली यांच्याकडे काम सोपवले गेले, ते विष ऐंशी वर्षांनी खोटे नाव घेऊन परत आले होते.

६

‘एकशे चौतीस ए’मध्ये क्लोरिन नाही. वर सांगितलेल्या सूत्राने वाचक स्वतः पडताळू शकतील: दोन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरिन, एकही हात रिकामा नाही. ओझोनपुरता तो निर्दोष आहे. पण हवेत तो सुमारे चौदा वर्षे टिकतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता कोंडून धरतो. म्हणून ऑक्टोबर २०१६मध्ये किगाली येथे मूळ करारात दुरुस्ती होऊन या कुळातील वायूंनाही उतरती कळा लावली गेली. भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. २०४७ पर्यंत आपल्याला त्यांचा वापर ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत ‘एकशे चौतीस’ भरता येत नाही. तिथे आलेला ‘१२३४ वायएफ’ काही दिवसांतच हवेत मोडतो, तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य. मात्र मोडल्यावर त्याचे ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल होते, पावसाबरोबर खाली येते आणि पाण्यात साठत राहते. त्याचा धोका केवढा, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहेत. आशेची बाब एवढी की या वेळी ‘गेला कुठे?’ हा प्रश्न लवकर विचारला गेला आहे.

या इतिहासाकडे निव्वळ विषादाने पाहणे योग्य होणार नाही. १९८ पक्षांनी, म्हणजे जगातील झाडून सगळ्या देशांनी, मान्य केलेला हा करार प्रत्यक्षात पाळला गेला. २०२२च्या वैज्ञानिक आढाव्यानुसार, हाच क्रम टिकला तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागांत २०४०च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास १९८० सालच्या पातळीवर येईल. माणसांनी एक चूक ओळखली, कबूल केली आणि दुरुस्त करायला घेतली, याची इतकी स्वच्छ उदाहरणे इतिहासात थोडी सापडतात.

सरांनी ‘सीझन निघून जाईल’ हा पर्याय नाकारला. ‘आधी गळती काढ,’ एवढेच ते म्हणाले. साबणाच्या पाण्याने कंडेन्सरपाशी एक सांधा आणि एका नळीचे टोक गळत असल्याचे सापडले. तीन दिवस लागले आणि खर्च टॉप-अपच्या कितीतरी पट झाला. जुना कंडेन्सर ‘बारा’साठी घडवलेला, तेव्हा गारवा पूर्वीइतका येणार नाही, हे कारागिराने आधीच सांगितले होते आणि तो तसा येतही नाही. बिलावर त्याने सवयीप्रमाणे ‘गॅस भरला’ असेच लिहिले.

पहिल्या दिवशीचा तो फुसकारा मात्र आमच्या कानांतून जात नाही. तो वायू काढून घेऊन टाकीत साठवण्याचे यंत्र असते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते; ठाऊक असते तरी आम्ही बोललो असतो की नाही, याची खात्री देता येत नाही. ‘बारा’चे हवेतील सरासरी आयुष्य सुमारे शंभर वर्षे मानले जाते. आम्ही तिघे, सर, तो कारागीर आणि ती मोटार, कुणीही उरणार नाही तेव्हा त्या चिमूटभर वायूपैकी काही अजून वर चढत असेल. सरांच्या प्रश्नाचे कारागिराने दिलेले उत्तर अगदी बरोबर होते. हवेत गेला. जाणार कुठे?